सरांचं राहिलेलं वाचन

माघातलं ऊन खाडीकाठी खारट असतं. ते अंगावर आलं की भास्कर सरांचा आवाज ऐकू येतो. खर्जातला, संथ, प्रत्येक शब्दाला त्याचा अवकाश देणारा, आणि कोणापुढेही न ओशाळणारा.

सर मार्क्सवादी इतिहासकार. विद्वत्सभांमध्ये त्यांच्या नावाचा दबदबा होता आणि तेवढीच कुचेष्टाही: "यांना मिठातसुद्धा वर्गसंघर्ष दिसतो." सर मिश्कील हसत, "दिसतो कसला, चवीला लागतो!" जासईच्या आसपास, जिथे आज कंटेनरांच्या रंगीत भिंती आभाळ अडवतात, तिथे एके काळी शुभ्र मिठागरं पसरलेली होती. त्यांत राबलेल्या माणसांचा इतिहास सरांनी आयुष्यभर लिहिला. त्यांची एक रीत होती. प्रकरण छापण्याआधी ते गावातल्या देवळाच्या मंडपात मोठ्याने वाचायचं, ज्यांच्याविषयी लिहिलंय त्यांनी पुढे बसायचं, आणि त्यांनी बरोबर-चूक सांगितल्याशिवाय वाचन पुरं झालं असं मानायचं नाही. माणूस पक्का नास्तिक, पण चपला काढून मंडपात मांडी घालून बसे.

गाव त्यांच्यावर जीव टाकायचं. नव्या वाचनालयाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं, पाटीही रंगवून झाली. सरांना त्या पाटीचा मोह होता, खोटं कशाला बोलू! पण पाटी लागायच्या आधीच त्यांनी शेवटचं प्रकरण वाचायला काढलं. "थोडं थांबा ना सर, पाटी तरी लागू दे," मी, त्यांची विद्यार्थिनी, काकुळतीने म्हणाले.

"वा गं वा! आधी मान घ्यायचा आणि मग खरं बोलायचं? ती चोरी झाली."

ते प्रकरण आजच्या गावाचं होतं. जमिनी बंदरासाठी गेल्या, मोबदल्यातून भाड्याच्या चाळी उभ्या राहिल्या, कालचे राबणारे आजचे घरमालक झाले. पूर्वी मिठागराच्या शेठने मजुरांच्या गोड्या पाण्याला कुलूप लावलं होतं. आता गावातल्याच हसूरामदादांनी आपल्या चाळीतल्या भाडेकरूंच्या नळाला लावलं. सरांनी दोन्ही कुलपं एकाच वाक्यात लिहिली होती. माझे वडील साताऱ्याकडचे, बाजारात हमाली करणारे. त्याच चाळीत मी वाढले, त्याच नळापाशी हंडा घेऊन ताटकळले. ते वाक्य ऐकताना मला रडू फुटलं.

पुढे बसलेले हसूरामदादा उठले. "सर, बापूस माझा मिठागरान राबून मेला. नि तुमी मना शेठ बोलता?"

"बापाचा घाम मी मानाने लिहिलाय, हसूराम. कुलूप मात्र तुझं आहे. चुकलं असेल तर सांग, आत्ता खोडतो."

दादा पाठ फिरवून चालते झाले आणि त्यांच्यामागे अर्धा मंडप उठला. पाटी लागली नाही. सर उरलेल्यांसमोर शेवटच्या ओळीपर्यंत वाचत राहिले. आवाज एकदाही खाली आला नाही. करंजाड्याच्या घरी परतताना रिक्षात एवढंच म्हणाले, "दुखलं गं. पण शब्द बदलायचा नाही."

आणि छापायचंही नाही! हसूरामने हो किंवा नाही म्हटल्याशिवाय वाचन पुरं कसं होईल, हा त्यांचा हट्ट. प्रकाशक चिडला, विरोधक म्हणाले, म्हातारा कचरला. सर वाट पाहत राहिले, आणि वाट पाहतच गेले.

यंदाच्या माघात ते प्रकरण घेऊन मी त्याच मंडपात बसले. कोण येणार, ही धास्ती होती. हसूरामदादा आले. काठी टेकत सगळ्यांच्या पुढे येऊन बसले आणि मान खाली घालून अक्षर न् अक्षर ऐकलं. कुलपाचं वाक्य मी सरांसारखंच सावकाश वाचलं. शेवटी रीतीप्रमाणे विचारलं, "काही चुकलंय?"

 दादा मान वर करून म्हणाले, "नाय पोरी. बराबर हाय. छाप."

एखाद्याचा प्रश्न अनुत्तरित असेतो काळालाही तो माणूस पुरता नेता येत नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हतं; ते उत्तर कानांवर पडलं आणि तेव्हा कुठे मला कळलं, सर गेले.