पान पांढरं झालं

योगिताने बारकीमावशीचा फोन घेतला आणि वसतिगृहाचा अर्ज पुन्हा भरला. मावशीच्या लेकीचं, रोशनीचं नाव, गाव कैनाड, बारावीचे गुण. ‘जमा करा’वर बोट ठेवताच पान पांढरंफटक झालं.

“तेव्हा पण असंच झालेलं,” बारकी म्हणाली. “पान गेलं, म्हणजे घेतलं ना त्यांनी?”

कचेरीत तिने जन्मभर हेच पाहिलं होतं. खिडकीतला माणूस कागद ओढून घेतो, आपले हात रिकामे होतात, काम झालं. त्याच भरवशावर मायलेकी तीन आठवडे निर्धास्त होत्या. आज यादी लागली आणि तीत रोशनी नव्हती. ठाण्यात राहायला जागा नाही, तर नर्सिंगचा प्रवेशही गेल्यात जमा होता. अर्जाची साइट डहाणूत योगिताच्या ऑफिसात बनली, एवढं ऐकून बारकी तडक इथे आली होती.

योगिताचं डोकं सणकलं. गावाकडच्या साध्या फोनांत नेट वाचवणारा छोटा ब्राउझर असतो, त्यावर एकदा तपासू या, असं तिने मे महिन्यातच सांगितलं होतं. ऑफिसचे मालक सुनिलसर, त्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं. फोन घेऊन ती तरातरा त्यांच्या केबिनमध्ये गेली. त्यांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. स्वतःचा स्क्रीन तेवढा तिच्याकडे वळवला.

“चारशे बारा अर्ज. तुझ्या त्या ब्राउझरवरून किती? शून्य. वापरतंच कोण?”

“शून्यच येणार, सर. एकही पोचला नाही.”

सरांनी शांतपणे फाइल उघडून एक कागद पुढे सरकवला. ‘सर्व फोनवर तपासले.’ खाली सही योगिताची होती. सरांनी घाईत सही कर म्हटलं आणि तिने केली होती. आता तिला सरांपेक्षा स्वतःचाच संताप आला.

बाहेर बारकी खुर्ची सोडून दाराशी उभी होती.

“बाय, आमचंच काय चुकलं का?”

“नाही मावशी. माझं चुकलं.”

योगिताने कंपनीचा कोरा कागद घेतला. रोशनीने अर्ज वेळेत भरला होता, साइटने तो घेतला नाही, आणि न तपासताच तपासल्याची सही मी केली, असं तिने वसतिगृहाला स्वच्छ लिहिलं. सही करण्याआधी तिने विचारलं, “पाड्यावर आणखी कोणी भरलेला?”

बारकीने बोटं मोजली. “जिवलीने. शुक्रीने. नवशीच्या दोघींनी. आमच्याच फोनवरून.”

“त्यांना कळलं यादीचं?”

“नाय. त्या तर बॅगा भरतात.”