पाहुणीचा कान

सुईदोऱ्यात आयुष्य गेलेल्या शिंपीणबाईंचा हात मांजराच्या कानापाशी मात्र अडायचा. नवं घर मिळेपर्यंत सांभाळायला आणलेल्या या मांजरीला मधुमेह होता. बाई तिला पाहुणी म्हणत. इन्सुलिन देण्याआधी रोज तिच्या कानाच्या कडेला टोचायचं आणि रक्ताचा थेंब यंत्राच्या पट्टीवर घ्यायचा. आकडा मेला सदा चढलेला.

“डॉक्टर, डोस वाढवू का?” बाईंनी फोनवर विचारलं.

“थांबा. मांजर घाबरलं तरी साखर चढते. तुम्हाला घाबरते का ती?”

“मला? मी काय खाते की काय तिला?” बाई उखडल्या.

पण तेव्हापासून त्या आधी कान कोमट फडक्याने शेकू लागल्या, लाडीगोडी लावू लागल्या. यंत्रही बटणांच्या डब्यात लपवलं. झालं! बटणं वाजली की पाहुणी कपाटामागे. गिऱ्हाइकांचे शर्ट बिनबटणांचे पडून राहिले.

आज डबा वाजला, तरी ती पळाली नाही. आपणहून मांडीवर आली, डोळे गच्च मिटले आणि थरथरत कान हाताशी आणला.

आकडा कालच्याहून चढा निघाला. त्यात साखर किती आणि भीती किती, हे कुणाला विचारणार? बाई सिरिंज हातात धरून नुसत्या बसून राहिल्या, तेव्हा पाहुणीने मान वळवून दुसरा कान पुढे केला.