रविवारपर्यंतची वेणी

“अहो, मोटार नाही ती, डोकं आहे!”

सिस्टर ओरडल्या तसा त्याने हात आवरला. समोर टेबलावर पार्लरमधून मागून आणलेले रबरी मुंडके होते. त्याच्या केसांची वेणी त्याने इतकी ओढली होती की मुंडके मागे कलून छताकडे बघत होते. वाचनालयाच्या वरच्या खोलीतले सगळे बाप हसले.

“सिस्टर, त्या वेणीला करंट द्या. पंखा फिरेल आत्ता,” बसचा ड्रायव्हर म्हणाला. त्याला जुळ्या मुली होत्या आणि त्याची स्वतःची वेणी दर वेळी अर्ध्यावरच सुटत होती.

तोही हसला. पण एकवीस वर्षांची सवय बोटांतून जायला तयार नव्हती. पंपांच्या जळालेल्या विजेच्या मोटारी पुन्हा भरणे हा त्याचा धंदा. जुनी तार सोडवायची, तिचे फेरे मोजायचे आणि तितक्याच फेऱ्यांनी नवी तांब्याची तार खाचांत बसवायची. सैल राहिलेली तार थरथरते, थरथरली की घासते, घासली की जळते. त्यामुळे घट्ट काम म्हणजे चांगले काम, एवढेच त्याच्या हातांना ठाऊक होते.

दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टरांनी हा बाबांचा वर्ग काढला, तेव्हा गल्लीत बरीच थट्टा झाली. तो मात्र पहिल्याच रविवारी जाऊन बसला. बायको गेली तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. बोलायला लागल्यापासून सारखी तडतडायची, म्हणून तो तिला ठिणगी म्हणे. मावशी, म्हणजे त्याच्या बायकोची थोरली बहीण, तिला आपल्या गावी घेऊन गेली. चार महिन्यांसाठी म्हणून नेले, त्याला आता दोन वर्षे झाली होती. महिन्यातून एकदा तो भेटून येई. मुलीला परत आणायचा विषय काढला की मावशीचा प्रश्न ठरलेला असे.

“भावजी, मुलीला नुसतं खाऊपिऊ घालून भागत नाही. सकाळी शाळेआधी तिची वेणी कोण घालणार?”

मावशी वाईट नव्हती. तिला मूलबाळ नव्हते, आणि ही गोष्ट दोघांनीही कधी तोंडावर आणली नव्हती.

वर्गाच्या शेवटी सिस्टरांनी बाबांचा दिवस ठेवला. प्रत्येकाने सर्वांसमोर आपल्या मुलाचे एक काम करायचे. शाळेच्या शिपायाने सहा महिन्यांच्या लेकाचे लंगोट बदलले आणि टाळ्या घेतल्या. ड्रायव्हरने जुळ्यांच्या वेण्या घातल्या, त्यातली एक कानाजवळ आणि एक मानेवर आली. “एक ब्रेक, एक अ‍ॅक्सिलरेटर,” तो म्हणाला.

मग ठिणगी स्टुलावर येऊन बसली. मावशी पहिल्या रांगेत होती. मुलीच्या केसांना मावशीच्या घरच्या साबणाचा वास येत होता. हा वास आपल्याला नवा आहे, हे कळून तो क्षणभर थांबला. मग त्याने भांग पाडला, तीन पेड केले आणि हात चालू लागले. तेरा फेरे, वर रिबीन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कौतुकाने तो पुढे आला, तर मुलीच्या भुवया वर ताणल्या गेल्या होत्या आणि डोळ्यांच्या कडांना पाणी होते. ती हसत होती.

मावशीने उठून वेणी चाचपली. “केवढी ओढलीत! पाणी काढलंत पोरीच्या डोळ्यांतून.”

“नाही दुखत गं,” ठिणगी म्हणाली.

“तू गप.” मग मावशी हळू आवाजात म्हणाली, “इतक्यात नको, भावजी. राहू दे माझ्याकडे. तोवर रविवारी आणत जाईन, शिका तुम्ही.”

“बरं, ताई.”

पुढचा आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत तो दुकानातल्या खिळ्याला सुतळीचे तीन पदर बांधून सैल वेणी घालत राहिला. जन्मात पहिल्यांदाच तो मुद्दाम ढिले काम करायला शिकत होता.

रविवारी मावशीने मुलीला त्याच्या घराच्या दारातूनच पुढे केले. “बघा तुमची करामत.”

तीच रिबीन. तीच वेणी. आजूबाजूने केसांची पिसे निघाली होती, पण तेराही फेरे जागेवर होते.

“आठ दिवस सोडू दिली नाही. डोकं धुवू दिलं नाही. शाळेत बाई ओरडल्या, तरी नाही. रात्री शेंडा मुठीत धरून झोपते.” चहा टाकते म्हणून मावशी स्वयंपाकघरात गेली.

त्याने वेणी सोडली. केस सुटले तरी त्यांची वळणे तशीच राहिली. वर्षानुवर्षे खाचेत बसलेली तार बाहेर काढल्यावरही खाचेचाच आकार धरून राहते, तशी. त्याने तिचे डोके धुतले, केस पुसले, उन्हात वाळवले. मग शिकल्याप्रमाणे, बोटांना बजावत, सैल वेणी घालायला घेतली.

“बाबा.”

“दुखलं का गं?”

“नाही. घट्ट घाल.”

“मावशी रागावेल ना.”

“रागावू दे. सैल घातलीस तर बुधवारीच सुटेल.”

स्वयंपाकघरातला कपबश्यांचा आवाज थांबला. त्याची बोटेही थांबली. थोड्या वेळाने मावशी दारात आली. पदराला हात पुसत तिने डोके धुताना ओट्यावर राहिलेली रिबीन आणून त्याच्या हातात दिली.

“घाला तिला हवी तशी,” ती म्हणाली.

संध्याकाळी तो दोघींना स्टँडवर सोडायला गेला. बसच्या पायरीवर चढताना मावशी मागे न बघताच म्हणाली, “तीन आठवड्यांत परीक्षा संपतेय. तिच्या दप्तराला जागा करून ठेवा, भावजी.”

तेवढ्यात दार लागले.

खिडकीत ठिणगी पाठमोरी दिसत होती. मावशीचा हात तिच्या वेणीवर होता. सुटलेला एकेक केस ती पुन्हा आत बसवत होती, अगदी हलक्या हाताने. ती घट्ट वेणी सैल होऊ नये इतक्या बेताने.