फलाटावरची लोकर

“अक्का, सोप्पु घातली, सुडु तण्णी घातली, खूप घासली. आता वास न्हाय बघ!” धनलक्ष्मीने पोत्याचं तोंड मोठ्या ऐटीत उघडलं.

साबण आणि कढत पाणी. राजसबाईंनी पोत्यात हात घातला आणि तो तिथेच थांबला. मोकळी लोकर उरलीच नव्हती. तिचा घट्ट, जाडजूड थर झाला होता. प्रत्यक्ष देव ओढायला बसला असता तरी त्यातून धागा निघाला नसता.

“काय केलंस गं लक्षुमे,” एवढंच म्हणून त्या चेन्नईजवळच्या आवडी स्टेशनच्या सिमेंटच्या बाकावर मटकन बसल्या.

डिसेंबरातली सकाळ होती. फलाटावर निम्मं आवडी माकडटोप्या घालून खोकत उभं होतं. या थंडीला थंडी म्हटलेलं ऐकून माणदेशातली मेंढरंसुद्धा हसली असती. पण राजसबाई तिला कधी नावं ठेवत नसत. गावच्या खऱ्या थंडीत अलीकडे त्यांची बोटं आखडायची, टकळी हातातून सुटायची. चेन्नईत वर्षभर घामाने लोकर बोटांना चिकटायची. हे दोन महिने मात्र अगदी बेताचे. बोटंही चालायची आणि लोकरही.

“ह्या गावानं माजं हात मला परत दिलं,” असं त्या लेकाला सांगायच्या.

लेक अमरसिंह इथल्या संरक्षण कारखान्यात फिटर होता. वडील, गुंडो, गेल्यावर त्याने मेंढरं विकली आणि आईला क्वार्टरमध्ये घेऊन आला. निघताना राजसबाईंनी एकच हट्ट धरला, शेवटच्या कातरणीची काळी लोकर बरोबर न्यायची. त्यांच्या घरातलं प्रत्येक मूल पाचवीला घरच्याच मेंढरांच्या घोंगडीवर निजलं होतं. सून यामिनीचे दिवस संक्रांतीच्या आसपास भरत होते. नाताळच्या सुट्टीत अमरसिंह सूत घेऊन गावच्या विणकराकडे जाणार होता. कळप तर गेलाच होता. हे पोतं संपलं की घरची लोकर संपली.

लोकरीच्या तुसांनी यामिनीला शिंका यायच्या, म्हणून कातायला बाहेर पडावं लागे. बागेतून रखवालदाराने उठवलं. देवळाच्या मंडपात पुजाऱ्याने नाक मुरडलं. शेवटी राजसबाई स्टेशनवर आल्या, तेव्हा फुलं विकणाऱ्या धनलक्ष्मीने अबोलीची टोपली मांडीवर घेतली आणि बाकावर जागा करून दिली. पोलिसाने काठी आपटली, तर त्यालाच तिने ठणकावलं, “एन अक्का!” माझी बहीण आहे! राजसबाईंना तेव्हा तमिळमध्ये पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. धनलक्ष्मी मोडकंतोडकं मराठी शिकली ती पुढे, याच बाकावर. पुढे लोकरीचं पोतंही धनलक्ष्मीच्याच खोलीत राहू लागलं. आणि आज तिने हे असं करून ठेवलं होतं.

राजसबाईंनी थरातून चिमूटभर लोकर उपटून पाहिली. निघेना.

“वास गेला ना, अक्का?” धनलक्ष्मीने विचारलं. आता तिचा आवाज उतरला होता.

“वास गेला. पर ही आता कातायची न्हाय. कदीच न्हाय.”

धनलक्ष्मीने कपाळावर हात मारला. “बाळ? बाळाची घोंगडी?”

राजसबाईंना भयंकर राग आला होता. तिला चांगलं फैलावर घ्यायला त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. साबणाने दोन्ही तळवे सोलून लाल झाले होते. फुलं ओवताना दोरा झोंबत असणार, तरी बाई सकाळपासून गजरे करत होती. बहिणीच्या लोकरीला कुणी नाक मुरडू नये एवढ्यासाठी तिने हात सोलून घेतले होते. एवढं तर सख्ख्या बहिणीनेही केलं नसतं. राजसबाईंचा राग कुठल्या कुठे गेला.

“घरी कातल्यालं निम्मं सूत हाय,” त्या म्हणाल्या. “बाळाला अशी केवडी घोंगडी लागतीया? कात्री दे तुजी.”

दोरा तोडायच्या कात्रीने त्यांनी थराचे दोन तुकडे केले. एक स्वतःखाली घेतला, दुसरा शेजारी अंथरला.

“बस. सिमिटावर गार लागतंय.”

धनलक्ष्मी डोळे पुसत बसली. बसल्यावर ऊब लागली तशी हसलीही.

संक्रांतीला नात झाली. घोंगडी आली ती हातभरच. पाचवीला पोरगी तिच्यावर निजली आणि पाय ताणून थेट काठाबाहेर काढले. धनलक्ष्मी गजरा घेऊन आली होती. राजसबाईंनी तिचा हात धरून घोंगडीवरून फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सवयीने स्टेशनवर गेल्या. पिशवीत टकळी होती, लोकर नव्हती. बाकावर काळे दोन तुकडे शेजारी शेजारी अंथरलेले होते. राजसबाई बसल्या. हात मांडीवर ठेवले. मग उचलले. आता त्यांचं करायचं काय, ते त्यांना कळेना.

धनलक्ष्मीने ते पाहिलं. “अक्का, पदर,” ती म्हणाली.

गुंडो गेल्यापासून राजसबाईंच्या पदरात कुणी फूल घातलं नव्हतं. त्या काही सांगणार होत्या. पण धनलक्ष्मीने गजरा ओवायच्या दोऱ्याचं टोक पुढे केलं होतं आणि टोपली आधीच कलती धरली होती.

राजसबाईंनी पदर पसरला.