काडतुसं पोटात घेऊन पैनगंगा ओलांडणारा नगारा

मी एक जुना नगारा आहे, मित्रांनो. सेनगावच्या पलीकडे, पैनगंगेच्या काठी आमचा बंजाऱ्यांचा तांडा आहे. माझी कढई तांब्याची. तिच्यावर चामडं ताणून वादीनं आवळलं, त्या दिवशी वसराम नाईकांनी मला पहिल्यांदा बडवलं आणि डोंगरातले मोर ओरडू लागले! लग्न असो, तीज असो, होळी असो, माझ्यावाचून तांड्याचं पाऊल उचलत नसे.

पण मला सांगायची आहे ती १९४८ सालची होळी.

तेव्हा देश स्वतंत्र झाला होता; आपला मुलूख मात्र निजामाच्या राज्यातच होता. रझाकारांच्या टोळ्या गावं लुटत होत्या. त्यांच्याशी लढणारी आपली पोरं डोंगरात लपून राहत. त्यांच्याजवळची काडतुसं संपत आली होती. नदीपलीकडे वऱ्हाडात ती मिळत, पण अलीकडच्या काठावर निजामाच्या शिपायांचा नाका होता. प्रत्येक गाठोडं उघडलं जाई.

"नगारा कोण उघडून बघतंय?" वसरामची बायको द्वारकाबाई म्हणाली.

झालं! होळी खेळायला म्हणून वसराम आणि तांड्यातल्या बाया मला घेऊन पलीकडच्या तांड्यावर गेल्या. तिथं माझं चामडं सोडलं, पोटात कापूस आणि काडतुसं ठासून भरली आणि मला पुन्हा आवळलं. मी कधी इतका जड झालो नव्हतो, आणि इतका ताठही!

भर दुपारी आम्ही नदी उतरलो. नाक्यावर जमादार चुलीपाशी चहा पीत बसला होता.

"होली है ना? बजाओ!" तो म्हणाला.

वसरामनं टिपरू मारलं. ढब्ब! माझा आवाजच निघेना.

"ये क्या मुर्दा आवाज है?"

"चामडं नदीत भिजलं जी," वसराम चाचरत म्हणाला.

"गीला है? तो सेक लो. चूल्हा जल रहा है."

मित्रांनो, नगारा सैल पडला की विस्तवावर शेकतातच. पण माझ्या पोटात बंदुकीची दारू भरलेली! दोन शिपायांनी मला उचललं. चुलीची धग माझ्या तांब्याला लागली.

तेवढ्यात द्वारकाबाई पुढं धावली. पळसफुलांच्या रंगाची घागर तिनं थेट चुलीवर ओतली!

"फगवा द्या, जमादार! होळीचे पैसे घेतल्याबिगर सोडत न्हाई आमी!"

सगळ्या बाया धावल्या. त्यांनी शिपायांना घेरलं, रंग फासला, फेर धरला. बांगड्या खळखळल्या, घुंगरं वाजली. चिडलेल्या जमादारानं बंदुकीचा दस्ता हाणला. तो द्वारकाबाईच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचं मी ऐकलं. तिचं गाणं मात्र थांबलं नाही. उलट वर चढलं!

बाकीचे शिपाई हसत होते. नखशिखांत भिजलेला जमादार ओरडला, "भगाओ इन पागलों को!"

वसरामनं मला डोक्यावर घेतलं. तो पळाला नाही. सावकाश चालत राहिला.

डोंगरात पोरांनी माझं चामडं सोडलं, तेव्हा द्वारकाबाई मटकन खाली बसली.

"माय, हात दाखव," एक जण म्हणाला.

"आधी ह्याचं पोट रिकामं करा. हाताचं मंग बघू."

त्या सप्टेंबरात निजाम शरण आला. ही बातमी तांड्यावर पोहोचली आणि माझ्यावर नवं चामडं चढलं. वसराम एका बाजूनं, तर वाकडं मनगट छातीशी धरून द्वारकाबाई डाव्या हातानं दुसऱ्या बाजूनं! काय बडवलं त्यांनी मला! बाईनं नगारा वाजवू नये, असं म्हणायची त्या दिवशी कुणाची छाती झाली नाही.

आज ती दोघंही नाहीत. होळीला डीजे येतो. माझं चामडं कधीच फाटलं. पोटात पावसाचं पाणी साचतं, ते शेळ्या पितात. परवा द्वारकाबाईची पणती मोहिनी हिंगोलीहून सुट्टीला आली. "हे कशाचं भांडं हाय?" तिनं विचारलं. कुणी म्हणालं, "रंग कालवायचं असंल."

मला राग आला नाही, मित्रांनो. नवं चामडं चढवता येतं. पण त्या दुपारी आमच्याबरोबर नदी उतरलेली एकच जण आता उरली आहे. आमच्या तांड्यातल्या पुनमचंदची आजी. ती तेव्हा आईच्या कडेवर होती. पुढं ती ही हकिकत आईकडून रोज ऐकत वाढली. तिला ऐकू कमी येतं.

तिच्याजवळ बसा. जरा मोठ्यानं विचारा. आणि आजच विचारा.