मोठ्या आकड्याचे सेल

सुरिनाममधल्या पारामारिबो शहराच्या मैदानावर रविवारी सकाळी पिंजऱ्यातल्या पक्ष्यांच्या शिळांची स्पर्धा असते. सारियाला वागिमिनमामाच्या तुआतुआ पक्ष्याचं गाणं शाळेच्या रेडिओसाठी रेकॉर्ड करायचं होतं, आणि हा नवाब समोर प्रतिस्पर्धी दिसल्याशिवाय चोचच उघडत नसे!

निघताना मामाने खणातले रेकॉर्डरचे रिचार्जेबल सेल दाखवले. "२८०० वाले घे गं. मोठा आकडा, मोठा दम!"

"मामा, महिन्यापूर्वी चार्ज केलेत ते, पडल्यापडल्या उतरतात. माझे २००० वाले तेव्हाचेच, पण चार्ज धरून ठेवतात."

"चालली शहाणी!" म्हणत मामाने स्वतःच्या रेकॉर्डरमध्ये २८०० वाले ऐटीत घातले.

पिंजरे समोरासमोर टांगले. तुआतुआ गातच सुटला! पंच फळ्यावर एकेक शीळ खडूने मांडू लागले. नवव्या शिळेला मामाचा रेकॉर्डर गपकन बंद पडला.

"माझा मेला," मामा कुजबुजला. "तुझा?"

सारियाने आपल्या रेकॉर्डरचा लाल दिवा दाखवला. तो शेवटच्या शिळेपर्यंत तसाच तेवत राहिला. आनंदाने ओरडावं, तर शेजारी दुसरी जोडी गात होती, आणि तिथे आवाज केला की पक्षी गप्प होतात. मग मामा-भाची तोंडावर हात दाबून गवतावर बिनआवाजी नाचत सुटली.