चाळीस घरांची पाहणी

"टीव्ही हाय की बाई, पण त्यो चालू कोण करायलाय?" दिनकरराव बाजेवर सरकून बसत म्हणाले. "पोरं मोबाइल बघायलीत, सुना मोबाइल बघायल्यात. तुमचं काम काय ते सांगा."

सुमंगलानं मांडीवरचा फॉर्म सरळ केला. पेडगावातलं सकाळपासूनचं हे अकरावं घर.

"संध्याकाळी साडेसहाला सरकारी वाहिनीवर 'बांध आणि बाजार' लागतं. शेतीचा कार्यक्रम. तुम्ही बघता का?"

"मागं बघायचो. एक बाई भाव सांगायची. आता हाय का न्हाई, काय की."

ती बाई त्यांच्यासमोरच बसली होती. भर उजेडात, दहा मिनिटं. सुमंगलानं 'नाही'च्या चौकोनात खूण केली.

परभणीतल्या सरकारी वाहिनीच्या लहानशा केंद्रावर ती एकवीस वर्षं निवेदिका होती, पण नोकरीत कधीच नव्हती. महिन्यातून पाच-सहा दिवस बोलावणं यायचं आणि तेवढ्याच दिवसांचं मानधन मिळायचं. महिन्यापूर्वी वरून पत्र आलं. लहान केंद्रांवरचे कार्यक्रम किती लोक बघतात, त्यांना काय उपयोग होतो, जनतेचा पैसा त्यावर खर्च करणं योग्य आहे का, हे घरोघर जाऊन विचारा. केंद्रावर माणसं उरली नव्हती. केंद्रप्रमुख श्रीराम सरांनी चाळीस फॉर्म तिच्याच हातात दिले. "तुमचा चेहरा ओळखीचा हाय मॅडम. तुमच्याशी लोक बोलतील."

"आमी पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन भरायचो," दिनकरराव सांगू लागले. "पावती मिळायची. आपुन पैसे दिले, आता ह्यानं बोललं पाहिजे, असं वाटायचं. आता लायसन न्हाई, पावती न्हाई. कशातून कापून घेता ते मालूम बी होत न्हाई."

त्यांचा मुलगा बालाजी मोबाइल घेऊन बाहेर आला. "मॅडम, हे बघा काय आलंय. दिल्लीत एका बाईला टीव्हीवर बोलायचे कोटभर रुपये देतेत म्हनं. आमच्या पैशातून. तुमाला किती भेटतेत?"

"दिवसाचे अठराशे. बोलावलं त्या दिवसाचे."

बालाजी हसला. "खामखा लपवायलाव."

"खरंच सांगते."

"ऱ्हाऊ द्या हो. कोन खरं सांगतंय?"

शेवटचा प्रश्न होता : हा कार्यक्रम सार्वजनिक पैशातून चालू ठेवावा का? "न्हाई लिवा," बालाजी म्हणाला. तिनं 'नाही' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ती वालूरला गेली. तिथंही तेच. एका किराणा दुकानदाराला ती वाहिनी कितव्या नंबरवर लागते तेच सापडेना. एक मास्तर मात्र तावातावानं म्हणाले, "चालूच ठेवला पाहिजे. ही समाजाची ठेव हाय." तिनं आशेनं विचारलं, "तुम्ही बघता?" मास्तर गडबडले. "मी? मला वेळ कुठं भेटतोय?"

दुपारी ती बसथांब्याच्या बाकावर बसली. डबा उघडावासा वाटेना. अडतीस फॉर्म भरून झाले होते आणि बघणारं एकही घर मिळालं नव्हतं. हे कागद असेच वर गेले तर काय होणार ते तिला स्पष्ट दिसत होतं. तिचं वय सत्तेचाळीस. मागच्या आठवड्यात ती एका मंगल कार्यालयात सूत्रसंचालनाचं काम मागायला गेली होती. मालकानं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "ताई, लोकांना पोरी लागतेत." लेकीच्या, अर्पिताच्या, कॉलेजची अजून दोन वर्षं होती. नवरा, जीवन, जाऊन आठ वर्षं झाली होती.

तिनं कोरा फॉर्म काढला. एक नाव मनानंच लिहिलं. कार्यक्रम बघता का? होय, रोज. उपयोग? बोंडअळीची फवारणी वेळेवर झाली. अक्षर नेहमीसारखंच देखणं आलं. आणखी दहा-बारा असे भरले, तर निभावलं असतं. कुणाचं काय बिघडणार होतं?

पेन तिथंच थांबलं. एकवीस वर्षांत तिनं तुरीचा भाव कधी दहा रुपयांनी वाढवून वाचला नव्हता. तिच्या शब्दावर कुणीतरी पहाटे टेम्पो भरत असेल, हे मनात धरूनच ती प्रत्येक आकडा उच्चारायची. तिनं फॉर्म फाडला. फाडून बरं वाटलं असं मात्र नाही. जवळ दुसरं कुणी नव्हतं म्हणून ती मोठ्यानं म्हणाली, "आता मी काय करू?"

फाडलेला धरून एकोणचाळीस झाले. उरलेला एक फॉर्म घेऊन ती गावाच्या टोकाला असलेल्या एका पत्र्याच्या खोलीपाशी गेली. दारात एक म्हातारी मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर केली आणि तिच्या हातातली मेथी खाली पडली.

"अगं माय! तू?"

सुमंगलानं मागं वळून बघितलं. मागं कुणीच नव्हतं.

"तूच की. टीव्हीतली. ये, बस. ए बाई, खाली नको, पोत्यावर बस."

म्हातारीचं नाव कडूबाई. एकटीच राहायची, दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची. आत कोपऱ्यात जुना टीव्ही होता.

"त्येचा आवाज गेलाय. दोन साल झाले," कडूबाई म्हणाली. "आवाज नसला तर काय झालं? तू दिसतीस की. जांभळी साडी तुला लय खुलती. आन् मागं एकदा…" ती थांबली. "तुजा मालक गेला ना गं?"

सुमंगलानं मान डोलावली.

"तुजी टिकली लहान झाली, आन् डोळे असे सुजलेले. म्या शेजारणीला म्हनलं, हिच्यावर कायतरी पडलंय. त्या दिशी मला भाकर गेली न्हाई बघ."

जीवन गेल्यावर चौदाव्या दिवशी ती रेकॉर्डिंगला गेली होती. गेली नसती, तर ते दिवस दुसऱ्या कुणाला मिळाले असते. त्या दिवशी केंद्रावर कुणी काही विचारलं नव्हतं. श्रीराम सर एवढंच म्हणाले होते की चेहऱ्यावर लाइट जरा कमी पडतोय.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि फॉर्म पुढं घेतला. "मावशी, लिहून घ्यायचं आहे. कार्यक्रम बघता?"

"रोज."

"उपयोग काय झाला?"

"उपेग?" कडूबाई हसली. "मला कुठं रान हाय? त्यात आवाज बी न्हाई. उपेग कशाचा व्हईल?"

"आठवून बघा. काहीतरी झाला असेल."

"खोटं कामून सांगू? तू दिसलीस की बरं वाटतं. तसं लिव."

फॉर्मवर चार चौकोन होते. पेरणी, फवारणी, बाजारभाव, हवामान. सुमंगलानं चारही रिकामे सोडले. 'उपयोग'पुढं 'नाही' लिहिलं आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं : दिसल्यावर बरं वाटतं.

केंद्रावर श्रीराम सरांनी फॉर्म चाळले आणि चष्मा काढून ठेवला. "हे समासातलं संगणकात बसत न्हाई. आन् बघणारं घर एकच?"

"एकच."

"मॅडम, दहा-बारा खुणा इकडच्या तिकडं करा. कोण तपासायलंय? माझी बदली व्हईल फक्त. तुमचं काय?"

"सर, लोकांनी सांगितलं ते तसंच आहे. यात मी भर घातली, तर मी वाचलेले भाव तरी कुणी खरे का मानावेत?"

"भाव ऐकतंय कोण, मॅडम?"

तिनं फॉर्म परत घेतले नाहीत.

तीन आठवड्यांत आदेश आला. महिनाअखेर कार्यक्रम बंद. शेवटच्या दिवशी तिनं सोयाबीनचे भाव वाचले, हळदीचे वाचले, उद्याचं हवामान सांगितलं. निरोपाची ओळ कागदावर नव्हती, म्हणून तिनं निरोप घेतला नाही. कॅमेरामन सिद्धोधननं तिच्या पदराचा माइक काढून घेतला. "ताई, येत जा अधूनमधून," तो म्हणाला आणि वायर गुंडाळत बसला.

बाहेर पडताना फाटकावर नवा सुरक्षारक्षक होता. तिनं दाखवलेला पास त्यानं उलटसुलट करून बघितला. "ह्याची मुदत संपली दुपारीच. वहीत नोंद करावी लागंल. कुणाला भेटायला आला होता?"

"कुणाला नाही."

"मंग कारण लिवा. जागा रिकामी सोडून चालत न्हाई."

त्यानं वही पुढं सरकवली. वरच्या ओळींत वीजबिल, पाण्याचे जार, कुरिअर असं लिहिलेलं होतं. सुमंगलानं पेन घेतलं, नाव लिहिलं, वेळ लिहिली. मग कारणाच्या रकान्यात, सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं : काम.